उशिरा मिळालेल्या उपदानावरचे व्याज मागावे लागते

निवृत्तीनंतर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, वर्ष-दीड वर्षाने हातात आली, तर त्या उशिराचे व्याज मिळते का, असे मला बरेच जण विचारतात. मिळते. पण ते आपोआप खात्यात जमा होईल असे धरून बसू नका. बहुतेक मंडळी मूळ रक्कम आली की सुटलो म्हणतात आणि फाईल बांधून ठेवतात. म्हणून आज हा विषय घेतो आहे.

आधी नियम पाहू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०२१ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. त्यातला नियम ६५ सांगतो, की निवृत्तिवेतन किंवा उपदान देय तारखेनंतर मंजूर झाले आणि उशीर प्रशासनामुळे झाला, तर भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज द्यावे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८२ चे नियम आहेत. त्यात १२९-अ नुसार उपदानावर तीन महिन्यांपलीकडच्या काळाचे आणि १२९-ब नुसार निवृत्तिवेतनावर सहा महिन्यांपलीकडच्या काळाचे व्याज मिळते. तुम्ही दुसऱ्या राज्याच्या सेवेत असाल, तर त्या राज्याचे निवृत्तिवेतन नियम उघडून हे कलम शोधा.

आता हिशेब. समजा, महाराष्ट्रातल्या एका कर्मचाऱ्याचे १२ लाखांचे उपदान निवृत्तीनंतर १५ महिन्यांनी मिळाले. पहिले तीन महिने वगळा. उरलेल्या १२ महिन्यांचे ७.१ टक्के दराने सुमारे ८५ हजार रुपये होतात. ही रक्कम सोडून द्यावी इतकी लहान नाही.

नियमच नसेल तर? हरियाणातले एस. के. दुआ १९९८ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांचे लाभ चार वर्षे अडले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नियम किंवा शासन निर्णय नसला तरी राज्यघटनेच्या कलम १४, १९ आणि २१ च्या आधारे व्याज मागता येते. रजा रोखीकरणासाठी हे लक्षात ठेवा, कारण केंद्राच्या रजा नियमांत त्यावर व्याजाची तरतूद नाही.

दुसरा निकाल त्याहून जुना, १९८४ चा आहे: केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर. अंतिम वेतन प्रमाणपत्र न निघाल्याने त्यांचे लाभ दोन वर्षांहून अधिक काळ रखडले होते. न्यायालय म्हणाले, की निवृत्तिवेतन आणि उपदान ही सरकारची मेहेरबानी नव्हे. निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते आणि कागद सरकारच्याच कपाटात असतात, मग ते वेळेत का निघू नयेत? पण या निकालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नायर यांनी १२ टक्के व्याज मागितले होते, खालच्या न्यायालयाने ६ टक्के दिले. त्यावर त्यांनी उच्च न्यायालयात हरकत घेतली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयालाही दर वाढवता आला नाही. जे मागितले नाही, ते तिथेही मिळाले नाही.

दुसरी बाजूही सांगतो. उशीर तुमच्यामुळे झाला असेल, म्हणजे अर्ज वेळेत दिला नाही किंवा शासकीय निवासस्थान सोडले नाही, तर व्याजाचा दावा टिकणे कठीण. विभागीय चौकशी चालू असेल तर उपदान रोखले जाते. मात्र केंद्राच्या आदेशांनुसार पूर्ण दोषमुक्त झालात, तर उपदान निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासूनच देय होते असे मानतात.

म्हणजे सगळे एका मुद्द्यावर येते: उशीर कोणामुळे झाला? त्याचे उत्तर तुमच्या कागदांत हवे. निवृत्तिवेतनाचा अर्ज, ना-देय प्रमाणपत्र, स्मरणपत्रे, प्रत्येकाची पोच आवक क्रमांकासह ठेवा. फाईल कार्यालयातून कोणत्या तारखेला महालेखापालांकडे गेली, त्रुटी काढून कधी परत आली, हे माहितीच्या अधिकारात मागा. मग कार्यालयप्रमुखांना अर्ज करा. त्यात देय तारीख, मिळाल्याची तारीख, नियमाचे कलम आणि व्याजाची रक्कम आकड्यात लिहा. रक्कम स्वीकारताना कशावर सही करतो आहोत ते वाचा. “काहीही येणे बाकी नाही” असे छापलेले असेल, तर “व्याजाचा हक्क राखून” असे हाताने लिहा.

उत्तर आले नाही तर केंद्रीय किंवा राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. १९८५ च्या कायद्यानुसार अर्जानंतर सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढच्या एका वर्षात दाद मागायची. तोंडी आश्वासनांवर विसंबून ही मुदत घालवू नका. तुमचे पैसे उशिरा मिळाले असतील, तर आज पासबुक काढा आणि दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा.