गाडी अडखळते, ती कां?

गेल्या चैत्रांतील गोष्ट. आमच्या पुतण्याची कन्या घरची पद्मिनी गाडी घेऊन वरवट बकालहून शेगांवच्या रस्त्याला लागत होती. वळणावर थांबून तिनें वाट मोकळी पाहिली व ॲक्सिलरेटर दाबला. पुढें झेप घेण्याऐवजीं गाडीनें आवंढा गिळला आणि रस्त्याच्या मधोमध क्षणभर निपचित पडली. तेवढ्यांत कडब्यानें लादलेला ट्रक आला. ट्रकवाला सावध होता, म्हणून निभावलें. त्याच रात्रीं गाडी भंगारांत देण्याचा ठराव घरांत झाला. गाडी आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं घेतलेली. वहिनींनीं ठरावावर अवाक्षर काढलें नाहीं, तेंच आम्हांस अधिक लागलें.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी घडे. मूळची ती इटलीची फियाट. पद्मिनी हें नांव १९७४ चें. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. साहजिकच तिची नाडी जाणणारे मिस्त्रीही विरळ होत चालले आहेत. आमच्या मिस्त्रीनें प्लग बदलले, कॉईल बदलली. दोन दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हां पहिले पाढे! कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली, एवढाच त्या दोन दिवसांचा अर्थ.

आम्हांस यंत्रविद्या येत नाहीं. परंतु तर्कशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविला आहे. एक गोष्ट असतां दुसरी असते व ती नसतां नसते, तेव्हांच पहिलीस कारण म्हणावें. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असा आम्हीं दंडक घातला. सारा दिवस पाहिल्यावर नातीनेंच बातमी आणिली, “आजोबा, चोक थोडा ओढून ठेवला कीं ती अडखळत नाहीं.”

येथें गांठ सुटूं लागली. चोक ओढल्यानें मिश्रणांत पेट्रोलाचा अंश वाढतो. अर्थात् उणीव पेट्रोलाची होती, ठिणगीची नव्हे. वजनानें एक भाग पेट्रोल नीट जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा लागते. पाय एकदम दाबला कीं हलकी हवा तत्काळ आंत धांवते, जड पेट्रोल मात्र मागें रेंगाळतें. हें अंतर भरून काढण्यासाठीं कार्ब्युरेटराच्या कुशीस एक लहान पंप असतो. त्यांतील रबरी पडदा दाबला गेला म्हणजे बारीक तोंडांतून पेट्रोलाची पिचकारी घशांत उडते.

इंजिन बंद करून, तें पूर्ण निवाल्यावर, हवेच्या गाळणीचें झांकण काढलें. जवळ दिवा कीं उदबत्ती नको, ही ताकीद प्रथम! पुतण्यानें हातानें दांडी हलविली. पिचकारी नाहींच, एक थेंब लोंबला. तोंड साफ केलें, तरी तेंच. पंप उघडला, तों पडद्यास केसाएवढी चीर.

सगळींच अडखळणीं या जातीचीं नसतात. चढावर दीर्घकाळ पाय दाबून ठेवल्यावर दम तुटत असेल, तर पेट्रोलाची गाळणी, नळी किंवा मुख्य पंप पाहावा. काळा धूर निघत असेल तर पेट्रोल अधिक होतें आहे. कार्ब्युरेटराखालील गॅस्केट फाटून चोरटी हवा आंत जाते, तेव्हांही चोकानें आराम पडतो. म्हणून पिचकारी डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय निर्णय देऊं नये. आणि आमच्याकडच्या वैशाखांत तापलेल्या पंपांत पेट्रोलाची वाफ होऊन गाडी थांबते, त्यास पंपावर ओलें फडकें हा जुना उतारा आहे.

हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यास जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या मापाच्या जेटांतून मिश्रण किंचित् पातळच पडतें. शिवाय जुनें रबर त्यानें बिघडतें. आमची चीर त्यामुळेंच पडली, असें मात्र छातीठोक म्हणवत नाहीं. पडदाही म्हातारा होता.

नवा पडदा मुंबईहून मागविला. बसवावयास अर्धा तासही लागला नाहीं. भंगारवाला ठरल्या दिवशीं आला, तेव्हां गाडी दारांत नव्हती. वहिनी नातीबरोबर शेगांवीं दर्शनास गेल्या होत्या.