बोंडापासून विणीपर्यंत



हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात पुसेगाव नावाचे गाव आहे. या भागातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो. वेचणी झाली की कापूस गाडीत भरून बाजाराला जातो. पुढे कधीतरी दुकानात कापड येते आणि आपण ते विकत घेतो. गावातून कापूस जातो आणि गावात कापड येते. मधल्या वाटेवर काय घडते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

ही वाट आपल्या हातांनी चालून पाहता येते. त्यासाठी थोडा कापूस, एक टकळी, घरातील काही वस्तू आणि विणकामाच्या दोन सुया पुरेशा आहेत.

प्रथम कापसातून सरकी वेगळी करावी लागते. सरकी म्हणजे कापसाचे बी. लाकडी पाटावर थोडा कापूस ठेवा आणि त्यावरून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवा. सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. ३०० ग्रॅम कापसातून साधारण १०० ग्रॅम रुई मिळते. बाकीचे वजन सरकीचे असते.

नंतर रुई पिंजायची. पिंजल्याने तिच्या गाठी सुटतात आणि तंतू मोकळे होतात. पूर्वी हे काम पिंजारी करत. तुम्ही त्यांना नद्दाफ या नावाने ओळखत असाल. पिंजलेली रुई एका काडीभोवती हलकेच गुंडाळून काडी काढून घेतली की पेळू तयार होतो.

आता सूत कातायचे. टकळी म्हणजे खाली चकती लावलेली एक बारीक सळई. तिचे टोक वाटीत टेकवून एका हाताने टकळी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने पेळू वर ओढायचा. तंतूंना पीळ बसतो आणि सूत तयार होते. टकळी सारखी फिरत राहते, म्हणूनच एखादा माणूस न थांबता बोलू लागला की मराठीत ‘त्याची टकळी सुरू झाली’ असे म्हणतात. हेच काम चरखा अधिक वेगाने करतो. चरखा हा शब्द फारसीतील ‘चर्ख’ या शब्दावरून आला आहे. चर्ख म्हणजे चाक.

कापसाचा तंतू आखूड असतो. तो जेमतेम एक इंचाच्या आसपास भरतो. त्यामुळे त्याला पीळ भरपूर द्यावा लागतो. पीळ कमी पडला तर सूत तुटते. फार झाला तर सूत स्वतःभोवतीच गुंडाळू लागते. सुरुवातीला तुमचे सूत कुठे जाड, कुठे बारीक होईल. त्याची काळजी करू नका. हात बसला की सूत सारखे येऊ लागते.

अशा एकेरी सुताने लगेच विणायला बसलात तर एक गंमत दिसेल. विणलेला तुकडा सरळ न राहता एका बाजूला तिरका होतो. सुतातला पीळ उलगडू पाहतो आणि सगळ्या विणीला आपल्याबरोबर ओढतो. यावर जुना उपाय आहे. दोन सुते एकत्र घेऊन त्यांना उलट दिशेने पीळ द्यायचा. टकळी आधी उजवीकडे फिरवली असेल, तर आता डावीकडे फिरवायची. दोन पीळ एकमेकांना आवरतात आणि सूत शांत होते. शिवाय ते अधिक मजबूतही होते.

आता रंगाकडे वळू. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मग सूत हळदीनेच का रंगवू नये? रंगवून पाहा. काही क्षणांत ते पिवळेधमक होईल. पण शर्टावर पडलेला हळदीचा डाग आठवा. साबण लावताच तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात वाळवल्यावर फिका पडतो. हळदीचा रंग झटकन चढतो आणि लवकर उतरतो. अशा रंगाला कच्चा रंग म्हणतात.

(येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठीत ‘ऊन’ म्हणजे धूप. उर्दूतील ‘ऊन’ या शब्दासाठी मराठीत ‘लोकर’ हा शब्द आहे.)

पक्क्या पिवळ्या रंगासाठी डाळिंबाच्या साली घ्या. त्या आपण एरवी फेकून देतो. पण आधी सूत तयार करावे लागते. कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो. तो निघाला नाही तर पाणी आत शिरत नाही. म्हणून १०० ग्रॅम सुताची सैलसर लडी करून ती धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळा आणि स्वच्छ धुऊन घ्या.

यानंतर ती हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा. २० ग्रॅम हिरड्याची पूड पुरते. दुसऱ्या दिवशी लडी पिळून घ्या आणि सुमारे १५ ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात काही तास भिजवा. असे का करायचे? कापूस नुसत्या तुरटीला नीट धरत नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य मात्र कापसाला चिकटते आणि तुरटीला धरून ठेवते. तुरटी पुढे रंगाला धरते. माणसांनी हातात हात घेऊन साखळी करावी, तसे हे आहे.

मग १०० ग्रॅम वाळलेल्या साली पाण्यात तासभर उकळून गाळून घ्या. त्या पाण्यात लडी घालून मंद आचेवर तासभर ठेवा आणि मधूनमधून हलवा. सावलीत वाळवा. मातकट सोनेरी रंग येईल. गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे मुरवून केलेल्या पाण्यात हेच सूत थोडा वेळ बुडवले, तर ते करडे किंवा काळपट होते. लोखंड आणि हिरड्यासारखी तुरट द्रव्ये यांपासूनच पूर्वी लिहिण्याची शाई करत. रंगकामासाठी भांडे वेगळे ठेवा आणि उकळण्याचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा.

आता शेवटचे काम, विणणे. मराठीत मागावर कापडही विणतात आणि सुयांवर मोजेही विणतात. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांतून जातात. सुयांवर मात्र एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंफतात. सुलट टाका आणि उलट टाका, एवढे दोनच टाके शिकले तरी पुष्कळ काही विणता येते. लोकर ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. सुती धागा फारसा ताणला जात नाही. म्हणून स्वेटरऐवजी छोटी पिशवी किंवा रुमालाएवढा चौकोन विणण्यापासून सुरुवात करा.

सुती धाग्याचे हे विणकाम फार जुने आहे. सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू सापडल्या, त्यांत इजिप्तमधील सुती मोजे आहेत. ते सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांत पांढरे आणि निळीने रंगवलेले निळे सूत वापरले आहे. काहींवर कुफी लिपीच्या वळणाची नक्षीही आहे. तेव्हा गिरण्या नव्हत्या. त्या मोज्यांचा धागा न् धागा कोणीतरी हाताने कातला होता.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालू आहे. वर्ध्याला १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. तेथे खादीसाठी वनस्पतींचे रंग वापरतात. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. पूर्वी राष्ट्रध्वज हातकताईच्या आणि हातविणीच्या कापडाचाच असावा, असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ रोजी तो बदलला आणि यंत्रावर केलेल्या तसेच पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली.

स्वतः पिशवी विणलीत, की एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. विणायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ कातायला लागतो. पूर्वी एका मागाला सूत पुरवण्यासाठी अनेक जणी दिवसभर कातत बसत. कापडाची किंमत करताना विणकर आठवतो. पण पिंजारी, कातणाऱ्या बायका आणि रंगरेज सहसा आठवत नाहीत. गिरण्या आल्या आणि त्यांचे हात रिकामे झाले. शेतकऱ्याला आजही फक्त कापसाचेच पैसे मिळतात. पुढच्या प्रत्येक कामाचे मोल दुसरीकडे जाते.

पुसेगावच्या जवळच असलेले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव शिंपी होते. संत कबीर विणकर होते. कापडाचे काम करणारे हात किती मोलाचे असतात, हे या दोघांकडे पाहिले तरी कळते. तुमच्या पिशवीची वीण कदाचित थोडी वाकडी येईल. तरी ती जपून ठेवा. कापूस आणि कापड यांच्यामध्ये काय घडते, हे ती पाहणाऱ्याला सांगेल.

शब्दार्थ
सरकी – कापसाचे बी
रुई – सरकी काढलेला कापूस
पेळू – कातण्यासाठी केलेली रुईची गुंडाळी
पीळ – धाग्याला दिलेला वळसा
लडी – सुताचा मोकळा जुडगा
माग – कापड विणण्याचे साधन
मोल – किंमत

स्वाध्याय
१. एकेरी सुताने विणलेला तुकडा तिरका का होतो?
२. हळदीच्या रंगाला कच्चा रंग का म्हणतात?
३. सूत रंगवताना हिरडा आणि तुरटी यांचा काय उपयोग होतो?
४. ‘टकळी सुरू होणे’ हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
५. आपल्या गावात पिंजण्याचे, कातण्याचे किंवा रंगवण्याचे काम केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा आणि त्या कामाविषयी आठ-दहा वाक्ये लिहा.