‘कंबरेतून गेलं’ म्हणजे नेमकं काय?

अहिल्यानगर जिल्ह्यात वस्तीवरचं म्हातारं कुत्रं मागचे पाय ओढू लागलं, की ‘कंबरेतून गेलं’ म्हणून विषय संपतो. मी पशुवैद्य नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून शिकलेला माणूस. पण या दोन शब्दांत निदान दोन वेगळे आजार दडलेले आहेत आणि त्यांतल्या एकावर इलाज आहे, हे सांगायलाच हवं.

पहिला आजार चकतीचा. दोन मणक्यांमधली गादी झिजून फुगते किंवा फुटते आणि मज्जारज्जू दाबला जातो. स्वीडनच्या हॅन्सन यांनी १९५०च्या सुमारास याचे दोन प्रकार मांडले. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यांत चकती एकाएकी फुटते. मोठ्या जातींत ती उतारवयात हळूहळू फुगते. औषध, विश्रांती किंवा शस्त्रक्रियेनं यातली बरीच कुत्री पुन्हा चालतात.

दुसरा आजार डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. अॅव्हरिल यांनी १९७३ साली जर्मन शेफर्डमध्ये त्याचं वर्णन केलं. यात दाब नसतो, वेदनाही नसते. मज्जारज्जूतले तंतूच झिजत जातात. २००९ साली त्याचा संबंध एसओडी-१ या जनुकातल्या बदलाशी जोडला गेला. माणसातल्या एएलएसच्या काही रुग्णांतही याच जनुकात दोष आढळतो. हा आजार थांबवणारं औषध अजून नाही.

लांबून दोन्ही कुत्री सारखीच लडखडतात. मग ओळखायचं कसं?

साध्या एक्स-रेत हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मणक्यांना जोडणारे हाडांचे पूल त्यात ठळक दिसतात. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतात, पण खापर त्यांच्यावरच फुटतं. सीटी स्कॅनमध्ये हाड आणि कडक झालेली चकती नीट दिसते. प्रत्यक्ष मज्जारज्जू दाखवतो तो एमआरआय. त्यासाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते.

गंमत अशी, की मायलोपॅथी एमआरआयमध्येही सहसा दिसत नाही. चकती, गाठ, सूज यांपैकी काहीच सापडलं नाही, तर संशय तिच्याकडे वळतो. जनुकचाचणी त्याला बळ देते. पक्की खात्री मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणजे प्रतिमेचं खरं काम इथं आजार दाखवण्याचं नाही, बरा होणारा आजार नजरेतून सुटू न देण्याचं आहे.

प्राण्यांच्या एमआरआयसाठी मोठं शहर गाठावं लागतं आणि खर्च सगळ्यांना झेपत नाही. पण पशुवैद्याकडून तपासणी लगेच करून घेता येते. पायाची बोटं चिमट्यानं दाबली तरी कुत्र्याला कळत नसेल, तर एकेक तास मोलाचा असतो. ‘आता वयच झालं’ हे निदान नव्हे. ते तपासणीनंतर म्हणावं.