लावली किती आणि जगली किती

फेलिक्स फिंकबायनर हा जर्मनी देशातला मुलगा. आता तो मोठा माणूस झाला आहे, पण मी सांगते ती गोष्ट २००७ सालची. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि चौथीत होता. गुरुजींनी परिपाठाला ही माहिती सांगितली तेव्हा 'चौथीत' म्हटल्याबरोबर आमच्या वर्गाने माना वर केल्या.

फेलिक्सला वर्गात एका विषयावर बोलायचे होते. विषय होता, पृथ्वी का तापते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. गोधडी पांघरली की आपली ऊब आतच राहते ना, तसा हा वायू पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. वायू वाढला की गोधडी जाड होते आणि उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वितळतो. फेलिक्सला पांढरे अस्वल फार आवडायचे. ते बर्फावर राहते, म्हणून आधी त्याला फक्त अस्वलच वाचवायचे होते. मग माहिती शोधताना त्याला वंगारी मथाई सापडल्या.

त्यांच्याबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण मला त्या फेलिक्सपेक्षा जास्त आवडल्या. त्या आफ्रिका खंडातल्या केनिया देशातल्या. तिथे जंगले तोडून मळे केले, म्हणून ओढे आटले. बायकांना सरपणासाठी लांब लांब जावे लागे. १९७७ साली वंगारीबाईंनी खेड्यातल्या बायकांना जमवून झाडे लावायला सुरुवात केली. त्या बायका काही शिकलेल्या माळी नव्हत्या. फुटक्या मडक्यातसुद्धा त्यांनी रोपे वाढवली. रोप जगले तरच त्या बाईला थोडे पैसे मिळत, नुसते लावले म्हणून नाही! असे करत तीस वर्षांत तीन कोटी झाडे झाली.

१९८९ साली नैरोबी शहरातल्या उहुरू बागेत साठ मजली इमारत बांधायचे ठरले होते. बाग सगळ्या लोकांची आहे, असे म्हणून वंगारीबाईंनी खूप पत्रे लिहिली. सरकार रागावले, पण शेवटी इमारत झाली नाही. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली त्या वारल्या. मी गुरुजींना विचारले, "झाडे लावली तर शांततेचे बक्षीस कसे काय?" गुरुजी म्हणाले, "पाणी आणि सरपण कमी पडलं की माणसं भांडतात." मला लगेच उन्हाळ्यातला टँकर आठवला.

तर फेलिक्स वर्गात म्हणाला की, प्रत्येक देशातल्या मुलांनी दहा लाख झाडे लावावीत. त्याने शाळेत पहिले झाड लावले ते जंगली सफरचंदाचे, अगदी छोटे. इतर शाळांतली मुलेही आली आणि २०१० पर्यंत जर्मनीत दहा लाख झाडे लावून झाली. २०११ साली, तेराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात बोलला. त्याच्या संस्थेतली मुले न्यायही मागतात. कारण जास्त धूर श्रीमंत देशांनी केला आणि दुष्काळ मात्र केनियासारख्या देशांना सोसावा लागतो. हे मला अगदी पटले.

घरी जाऊन मी हे सगळे आजीला सांगितले. आजी ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "लावली किती ते कळलं. जगली किती?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले तर ते हसले. म्हणाले, जर्मनीतल्या एका मोठ्या वर्तमानपत्रानेही हाच प्रश्न विचारला होता. फेलिक्सच्या संस्थेने मेक्सिको देशात जी झाडे लावली, त्यांच्या आकड्यांवर त्यांनी शंका घेतली. म्हणजे आजीचे डोके वर्तमानपत्रवाल्यांसारखे चालते.

आता आमच्या शाळेचे सांगते. मागच्या पावसाळ्यात आम्ही २५ रोपे लावली. पाहुणे आले, फोटो निघाले, खाऊ मिळाला. आंब्याचे रोप तर दरवर्षी त्याच खड्ड्यात लावतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोणी घालायचे हे मात्र ठरलेच नव्हते. सुट्टी संपल्यावर मोजली तर चारच उरली होती. त्यात माझा कडुनिंब आहे. तो माझ्या गुडघ्याएवढा आहे.

म्हणून आम्ही चौथीच्या मुलांनी एक वही केली आहे. लावलेल्या झाडांची नाही, जगलेल्यांची. दर सोमवारी मोजून आकडा लिहितो. प्रत्येक रोपाशेजारी जुने मडके पुरले आहे. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली आहे. मडके भरले की पाणी हळूहळू मुळाशी झिरपते, वाया जात नाही. मडकी कुंभारआळीतून फुकट मिळाली, फुटकीच होती.

या सोमवारीही आकडा चारच आहे. बाभळीच्या काट्यांचे कुंपण दोन रोपांना झाले, दोन राहिली आहेत. ज्या पालकांच्या शेळ्या शाळेच्या मागून जातात त्यांनी तोपर्यंत त्या वरच्या रस्त्याने न्याव्यात. मी कोणाचे नाव लिहीत नाही, पण त्यातली एक शेळी आमचीच आहे.