पेथापूरचे ठसे कोरणारे

गुजरातमध्ये गांधीनगरला लागून, साबरमतीच्या काठी पेथापूर आहे. कापडावर हाताने छपाई करायचे लाकडी ठसे इथे पिढ्यान्‌पिढ्या कोरले जातात. तिकडे त्यांना बीबां म्हणतात. हे काम परंपरेने गज्जर सुतारांचं. त्यांच्यातले माणेकलाल गज्जर राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले आणि पेथापूरचं नाव गुजरातबाहेर बऱ्याच जणांना कळलं. छापील कापडाचं कौतुक करताना आपण रंगाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव घेतो. ठसा कोरणारा मात्र मागेच राहतो. माझ्या मते हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे, कारण मनातली कल्पना कापडावर उतरण्याजोगी होते ती त्याच्या हातात.

समजा, कुणी त्याच्याकडे बकुळीच्या फांदीचं चित्र घेऊन गेलं. पानांवर छाया आहे, पाकळ्यांना पिवळसर झाक आहे, देठ नाजूक वळणाचा आहे. ठशाला यातलं काहीच जसंच्या तसं देता येत नाही. लाकडाचा उंच राहिलेला भाग कापडाला टेकतो आणि रंग लावतो. खोल गेलेला भाग टेकत नाही. मधलं काही नाही. छाया हवी असेल तर ती बारीक रेघांनी किंवा ठिपक्यांनीच दाखवावी लागते. आणि बकूळ पांढरट हवी असेल तर फूल उठावात कोरून उपयोग नाही. फूल खोल काढायचं, भोवतालची जमीन उंच ठेवायची. रंग जमिनीला लागतो, फूल कापडाच्या अंगच्या रंगाचं राहतं. नुसतं उत्तम चित्र काढणारा इथे हमखास अडतो, कारण त्याला रेघ काढायची सवय असते. कोरणाऱ्याला रेघेच्या दोन्ही अंगांनी काय उरतं ते आधी दिसावं लागतं.

मग रंगांची फोड. जयपूरजवळच्या सांगानेर-बगरूकडे बाह्यरेषेच्या ठशाला रेख, जमीन भरणाऱ्याला गद आणि आतला रंग भरणाऱ्याला दत्ता म्हणतात. एकाच फुलाचे असे दोन, तीन, कधी चार-पाच वेगळे ठसे होतात. ते सगळे एकाच आराखड्यावरून काढलेले असले, तरच कापडावर एकमेकांत नेमके बसतात. लाकूड नंतर आक्रसलं किंवा फुगलं तर पानाचा हिरवा रंग रेषेबाहेर सांडलेला दिसतो. म्हणून मुरलेला, नीट सुकलेला सागच घ्यायचा. पाण्याशी आणि रंगाशी रोजचा संबंध असूनही साग फारसा वाकत नाही. कोपऱ्यात एखादा बारीक ठिपका मुद्दाम ठेवतात. पुढचा छाप कुठे टेकवायचा, याची छापणाऱ्याला तीच खूण.

पेन्सिलीची रेघ केसासारखी असली तरी चालतं. लाकडाच्या रेघेवर मात्र छापणाऱ्याच्या तळहाताचा ठोका पडणार असतो, तोही दिवसभर. म्हणून रेघ थोडी जाड धरायची आणि तिच्या भिंती खाली उतरत्या, बुडाशी रुंद ठेवायच्या. बकुळीच्या झालरीसारख्या पाकळ्या मोजून कोरल्या तर पहिल्याच थानात त्यांचे तुकडे पडतील. जाणता कारागीर परकाराने वर्तुळ काढतो, त्याचे निम्मे-निम्मे करत सोळा भाग पाडतो आणि तेवढेच दाते ठेवतो. फूल बकुळीचंच वाटतं. किती वगळलं तरी ओळख टिकते हे ठरवणं या कामातला सर्वांत अवघड निर्णय आहे, आणि तो कागदावर शिकता येत नाही.

खरी कसोटी कडेला लागते. ठसा तळहातात मावेल, पुन्हापुन्हा उचलता येईल एवढाच असतो. कापड मात्र मीटरनी मोजायचं. उजव्या कडेला तुटलेलं पान डाव्या कडेकडून पुरं व्हायला हवं, वरचा देठ खालच्या फांदीला मिळायला हवा. म्हणून कोरण्याआधी आराखड्याच्या चार प्रती शेजारी शेजारी मांडून लांबून बघतात. जवळून निर्दोष वाटणाऱ्या नक्षीत लांबून रिकाम्या वाटा दिसू लागतात. दोन फुलांमधली मोकळी जागा प्रत्येक छापात त्याच ठिकाणी येते आणि कापडभर नको असलेले पट्टे पडतात. मग एखादी कळी सरकवायची, एखादं पान वळवायचं. आराखडा पक्का झाला की लाकडावर तो उलटा उतरतो, कारण कापडावर डाव्याचं उजवं होणार असतं.

प्रत्यक्ष कोरणं त्यानंतर येतं. लाकूड दगडावर वाळू-पाण्याने घासून सपाट करतात, वर पांढरा लेप देतात आणि त्यावर टोकदार सळईने नक्षी ओढतात. दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या सामत्याने खोल जागा भोकं पाडून मोकळ्या करायच्या, मग छोट्या लाकडी हातोडीने आणि बारीक पटाशांनी एकेक कण काढायचा. जमीन भरणाऱ्या मोठ्या ठशात कधी लोकरीचा नमदा बसवतात, म्हणजे रंग सारखा धरला जातो. हवा निसटावी म्हणून ठशाला आरपार भोकं असतात. शेवटी ठसा काही दिवस तेलात मुरतो.

अजरख या कच्छमधल्या छापील कापडाच्या ठशांत कल्पनेपासून नक्षीपर्यंतचा प्रवास आणखी वेगळा आहे. तिथे सुरुवात फांदीपासून होत नाही, चौकोन आणि वर्तुळापासून होते. पट्टी-परकाराने चौकोनाचे भाग पाडायचे, वर्तुळं एकमेकांना छेदत न्यायची आणि त्या छेदांतून चांदण्या, कळ्या बाहेर काढायच्या. खारेक, रियाल, चंपाकळी अशी त्या नक्ष्यांची नावं. दोन्ही बाजूंनी छापायच्या अजरखला तर एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा वाटाव्यात असे ठसे लागतात. कापडाच्या मागचा छाप पुढच्याच्या नेमका पाठीशी पडावा, एवढी ती मोजणी काटेकोर.

गुजरातेतल्या ठशांच्या छपाईची परंपरा किती दूर पोचली होती याचा पुरावा इजिप्तमध्ये मिळाला. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये आणि इतरत्र सापडलेले, गुजरातेतून गेलेले छापील सुती तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहेत. 1200 हून अधिक. त्यांतले पुष्कळ 13व्या ते 15व्या शतकांतले आहेत. पुढे 19व्या शतकात पेथापूरच्या ठशांनी छापलेलं सौदागिरी कापड सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, जाऊ लागलं. नक्षी तिथल्या लोकांच्या आवडीची, कोरणारे हात इथले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो व्यापार ओसरला.

2001च्या कच्छमधल्या भूकंपानंतर धमडका गावच्या खत्री छपाईकारांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. तिथे अजरखला पुन्हा बरकत आली आणि ठशांना मागणीही. स्क्रीन छपाईपुढे मात्र बाकी बरीच गिऱ्हाइकं गेली. जुने ठसे आता शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात. त्यांना भिंतीवर टांगलेलं बघणं मला सुखाचं वाटत नाही. हवं तर जयपूरजवळ आमेरच्या अनोखी संग्रहालयात जाऊन ठसा कोरताना आणि छापताना प्रत्यक्ष बघावं.

वापरातला ठसा झिजतो. दाते बोथट होतात, रेघा रुंदावतात, आणि नवा कोरायची वेळ येते. जुन्याचा छाप घेऊन त्यावरून नवा काढणं सोपं असतं. पण तसं दोन-तीनदा केलं की झीजसुद्धा नक्षीत शिरते. वर्तुळ लांबट होतं, चांदणीचं एक टोक दुसऱ्याहून आखूड पडतं. म्हणून चांगला कारागीर जुना ठसा समोर ठेवतो, पण त्याच्यावरून गिरवत नाही. त्यातलं वर्तुळ कुठून काढलं होतं ते शोधतो, परकाराचं टोक तिथे रोवतो आणि नक्षी पहिल्यापासून आखतो.