सोंडेवरून पटणारी ओळख

फुलात प्राणी पाहायचे तर बहुधा डोळे किलकिले करून कल्पना ताणावी लागते. ‘एलिफंट हेड’ या रानफुलाला तेवढे कष्ट लागत नाहीत. गुलाबी-जांभळ्या तुऱ्यातले एकेक फूल म्हणजे इवलेसे गजमुखच. फुगीर कपाळ, बाजूंना कान आणि वर उचललेली बाकदार सोंड! मराठी माणसाचे हात आपसूक जोडले जातील. उगवते मात्र उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांत, जिथे रानात हत्ती औषधालाही नाही.

याचे शास्त्रीय नाव पेडिक्युलॅरिस ग्रोनलँडिका. उंचावरची ओलसर कुरणे आणि ओढ्यांचे काठ ही त्याची जागा. पाने नेच्यासारखी कातरलेली असल्याने तुरा येण्यापूर्वी ते चकवते.

ओळखीची खरी परीक्षा याच पर्वतांपैकी सिएरा नेवाडा या रांगेत होते. तिथे पेडिक्युलॅरिस अटोलेन्स हे धाकटे भावंडही भेटते. त्याचा तुरा पांढऱ्या लोकरीसारख्या केसांनी भरलेला, तर सोंड आखूड. थोरल्याचा तुरा गुळगुळीत आणि सोंड चांगली लांब. रंगावर विसंबू नये. सोंड आणि केस पाहावेत.

ही सोंड शोभेची नाही. फुलाचा वरचा ओठ टोपणासारखा फुगतो आणि पुढे निमुळता होऊन सोंड बनतो. टोपणात परागकोश असतात, सोंडेच्या टोकातून स्त्रीकेसराचे अग्र डोकावते. थोरल्याकडे मध नाही. बंबलबी ही केसाळ माशी येते, फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग झडतात. थोरल्याचे पराग तिच्या पोटाच्या बाजूला लागतात, धाकट्याचे डोक्यावर. माशी तीच, कुरणही तेच, पण परागांची सहसा सरमिसळ होत नाही. ज्या सोंडेवरून आपण दोघांना ओळखतो, तीच त्यांना वेगळे राखते.

दिसायला देवाचे असले तरी खोड बांडगुळाची आहे. स्वतः हिरवे असून, अन्न बनवत असूनही हे झाड शेजाऱ्यांच्या मुळांना मुळे जोडून रस ओढते. म्हणूनच ते उपटून बागेत लावले तर सहसा जगत नाही.

पेडिक्युलॅरिस या प्रजातीच्या जाती हिमालयातही विपुल आहेत. उत्तराखंडातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला जाणाऱ्यांना त्या भेटतात. फोटो काढताना एक पथ्य पाळा: फूल बाजूने टिपा, पान आणि देठही घ्या. वरून काढलेल्या सुंदर फोटोत सोंडेचा बाक दिसत नाही, आणि मग जात सांगताना तज्ज्ञही अडखळतो.