आरसी कार घेताय? आधी हे गैरसमज दूर करा

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांचा, म्हणजे आरसी कारचा छंद नव्याने लागलेला माणूस बहुतेक वेळा वेगावर पैसे घालतो आणि चार्जरवर वाचवतो. व्हायला हवं नेमकं उलट. ही गल्लत ज्या समजुतींमधून होते, त्या एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : हे मोठ्यांचं महागडं खेळणं आहे.

वस्तुस्थिती : स्वस्त खेळण्यातली गाडी बहुधा सरळ, पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे, एवढंच जाणते. आरसी कारमध्ये तुम्ही रिमोटचं चाक जेवढं फिरवाल तेवढीच पुढची चाकं वळतात. ते काम सर्व्हो करतो. ट्रिगर जेवढा दाबाल तेवढीच वीज मोटरला मिळते. ती ईएससी, म्हणजे वेग नियंत्रित करणारं सर्किट, पुरवतं. सर्वांत मोठा फरक दुरुस्तीत आहे. गाडीचा दांडा मोडला तर तेवढा दांडा विकत मिळतो आणि घरी बसवता येतो. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली आरसी कार बाजारात आणली. त्या पोर्शेचं मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून कंपनीच्या शुन्साकु तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते. गाडी आतून समजून घेण्याची ही ओढ हाच या छंदाचा गाभा आहे.

गैरसमज २ : जितका वेग जास्त, तितकी मजा जास्त.

वस्तुस्थिती : साध्या ब्रश्ड मोटरवर ताशी २५ किलोमीटरने धावणारी गाडीसुद्धा एका सेकंदात सुमारे सात मीटर कापते. तेवढ्यात नवख्याचा निर्णयही होत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे मोडतोडही त्या मानाने वाढते. शिवाय गाडी तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा तिचं डावं-उजवं तुमच्या उलट असतं. हात यावरच बसवायचा आहे. मोकळ्या मैदानात पाण्याच्या दोन बाटल्या चार-पाच मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. बाटली न पाडता हे सहज जमू लागलं, की अधिक वेगवान ब्रशलेस मोटरचा विचार करा.

गैरसमज ३ : नवशिक्याने तयार गाडीच घ्यावी, किट जोडणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

वस्तुस्थिती : तयार गाडी घेण्यात गैर काही नाही. पण तामियाच्या टीटी-०२ सारखं १:१० मापाचं किट सचित्र पुस्तिकेच्या आधारे कोणीही शांतपणे जोडू शकतं. एक युक्ती मात्र लक्षात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये एकदा बसवून काढलेला स्क्रू पुन्हा बसवताना आधी हलकेच उलटा फिरवा. टक् असं बोटांना जाणवलं की तो जुन्या आट्यांवर आलेला असतो. मग सरळ पिळा, म्हणजे आटे मरत नाहीत. किट घेताना खोक्यावर काय लिहिलं आहे ते नीट वाचा. रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर बहुधा वेगळे घ्यावे लागतात.

गैरसमज ४ : बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी.

वस्तुस्थिती : ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी अशी वापरली तर ती खराब होते. लायपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणून ईएससीमधली लायपोची सेटिंग आधी तपासा. ती चालू नसेल तर गाडी बॅटरी पार पिळून काढेल. काही दिवस गाडी चालवायची नसेल, तर बॅटरी प्रत्येक सेलमागे साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा.

चार्जर लायपोसाठीचा आणि सगळे सेल समान भरणाराच हवा. निकेलचा चार्जर लायपोला लावणं म्हणजे आगीला निमंत्रण. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने चार्ज करणं हा सुरक्षित नियम. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका. बॅटरी फुगली असेल तर ती पुन्हा वापरू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात द्या. एवढी काळजी नको वाटत असेल, तर सुरुवातीला ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. ती वजनाला जड, पण हाताळायला सोपी असते.

गैरसमज ५ : वॉटरप्रूफ लिहिलंय, म्हणजे पावसात बिनधास्त चालवा.

वस्तुस्थिती : हा शब्द बहुधा इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो. बेअरिंग, स्क्रू आणि मोटर यांना पाणी लागलं की गंज चढतो. गाडी भिजलीच तर लगेच पुसा, वाळवा आणि बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. समुद्रकिनाऱ्यावर तर मुळीच नेऊ नका. खारं पाणी आणि वाळू मिळून गिअर आणि बेअरिंग खातात.

गैरसमज ६ : रिमोटसाठी सरकारी परवाना लागतो.

वस्तुस्थिती : आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे. ड्रोनचे नियम हवेत उडणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, जमिनीवरच्या गाडीला ते लागू होत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर मात्र आरसी कार चालवू नका. दुचाकीस्वाराला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तेव्हा खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न वेगाचा विचारू नका. या गाडीचे सुटे भाग मिळतात का, हे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर गाडी कितीही देखणी असो, घेऊ नका. वेगावर न घातलेल्या पैशांतून चांगला चार्जर घ्या. पुढे गाडी बदलली तरी तोच उपयोगी पडेल.